खिडकी, पाटी आणि एक प्रश्नचिन्ह

गेल्या पावसाळ्यात संगणक कक्षात एक गंमत झाली. आता तिला गंमत म्हणायचे. ज्या मुलाच्या बाबतीत ती झाली त्याला त्या दिवशी हसू आले नव्हते. शाळेचे जनरल रजिस्टर आणि प्रवेशाचा फॉर्म संगणकावर घेण्याचे काम आपली अकरावी-बारावीची मुले करीत आहेत, हे पालकांना ठाऊक आहेच. प्रोग्राम नीट चालतो की नाही हे पाहायला त्यांच्यातल्या एकाने स्वतःचेच नाव देवनागरीत भरले. नाव क्षितिज. संगणकाने फॉर्म परत केला आणि खाली लाल रंगात लिहिले, 'नावात फक्त अक्षरे असावीत.' पोरगा पडद्याकडे बघतच बसला. त्याच्या नावात अक्षरांवाचून दुसरे होते काय?

हा किस्सा पुढे विश्वस्तांच्या बैठकीपर्यंत पोहोचला. एका सभासदांचे म्हणणे पडले की मुलांनी परीक्षेपुरता संगणक शिकावा, शाळेचे दप्तर त्यांच्या हाती देऊ नये. बाजारात तयार प्रोग्राम मिळतात, त्यातला एक घ्यावा. दुसऱ्यांनी विचारले की हल्ली नुसते सांगितले की प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे आली आहेत, मग मुलांना हे शिकवायचेच कशाला? वेळ थोडा होता, विषय पुढच्या बैठकीवर गेला. मधल्या काळात आमची, म्हणजे संगणक विभागात शिकवणाऱ्यांची, बाजू या वार्तापत्रातून मांडावी असे ठरले. मुलांनी ज्या साधनावर हे काम केले त्याचे नाव नेस्टजेएस. ते शिकवणे चालू ठेवावे, आणि शाळेचे काम मुलांकडेच राहू द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि ती आम्ही मोठ्यांना घालणार आहोत.

आधी प्रकरण काय आहे ते सांगतो. कार्यालयाची खिडकी सर्वांच्या परिचयाची आहे. पालक अर्ज आत सरकवतात, कारकून तो वरपासून खालपर्यंत पाहतात, 'इथे सही राहिली' म्हणून परत देतात किंवा ठीक असेल तर ठेवून घेतात. आत कोणते कपाट कुठे आहे हे बाहेरच्या माणसाला कळण्याची गरज नसते. एका प्रोग्रामला दुसऱ्या प्रोग्रामकडून काही हवे असले की तोही अशाच एका खिडकीवर येतो. या खिडकीला एपीआय म्हणतात. फोनवर रेल्वेगाडीची वेळ पाहताना आपला फोन आपल्या वतीने अशाच कुठल्या तरी खिडकीवर रांगेत उभा असतो.

खिडकीशेजारी एक पाटी असते : 'दाखल्यासाठी सोबत काय आणावे.' ती कोणी तरी कधी तरी रंगवून घेतलेली असते. पुढे नियम बदलतो, कारकून बदलतात, पाटी मात्र तीच. पाटीवर दोन फोटो, आत मागणार तीन; मग पालकांची उन्हातून दुसरी खेप. संगणकाच्या जगातही हुबेहूब हेच घडत आले आहे. खिडकीवरच्या तपासणीला तिथे व्हॅलिडेशन म्हणतात आणि पाटीला डॉक्युमेंटेशन. तपासणी एकाने लिहायची, पाटी दुसऱ्याने, आणि दोघांची पुन्हा गाठ पडायची नाही.

ही फारकत किती महाग पडते याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या 'मार्स क्लायमेट ऑर्बायटर' या यानाचे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते मंगळाशी पोहोचले आणि हरवले. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचा हिशेब एका प्रोग्रामने दुसऱ्याला द्यायचा होता. तो न्यूटन-सेकंदात द्यावा असे कराराच्या कागदावर स्वच्छ लिहिलेले होते. कंत्राटदाराच्या प्रोग्रामने तो पाउंडाच्या मापात दिला. दोहोंत सुमारे साडेचार पटींचा फरक. आकडा घेणाऱ्या बाजूने तो मुकाट घेतला, कारण आकडा दिसायला आकड्यासारखाच होता. म्हणजे पाटी बरोबर होती. पण पाटीवर लिहिलेले पाळले जाते आहे की नाही हे पाहणारे खिडकीत कोणी नव्हते. यान मंगळाच्या नको इतके जवळून गेले.

आता मुलांच्या साधनाकडे येऊ. वेबसाइटमागच्या प्रोग्रामांचा मोठा भाग जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिला जातो. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी तिचे पहिले रूप दहा दिवसांत उभे केले, आणि घाईघाईत बांधलेल्या घराच्या काही खोडी तिच्यात अजून आहेत. फॉर्ममधून आलेली फी १२०० आणि उशिराचा दंड ३०० यांची बेरीज करायला सांगितली, तर ही भाषा १२००३०० असे उत्तर देऊ शकते. कारण फॉर्ममधून आलेले १२०० हा तिच्या लेखी आकडा नसतो, मजकूर असतो. आणि मजकुरापुढे अधिकचे चिन्ह दिसले की ती शेजारी शेजारी चिकटवून मोकळी होते. नववीच्या मुलांना हे दाखवले की वर्ग हसतो. बारा लाखांची फी लागलेल्या पालकांना हसू येणार नाही.

या खोडीवर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट जाहीर केले. त्यामागचे प्रमुख नाव अँडर्स हेल्सबर्ग. ज्या पालकांनी कॉलेजात टर्बो पास्कलच्या निळ्या पडद्यावर प्रोग्राम लिहिले असतील त्यांनी याच गृहस्थांचे काम वापरलेले आहे. टाइपस्क्रिप्टमध्ये प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी सांगायचा : हा आकडा, हा मजकूर, ही तारीख. मग आकड्याच्या जागी मजकूर वापरला की लिहितानाच लाल रेघ येते.

एवढ्यावर मुलांना वाटते की काम झाले. इथेच आम्ही त्यांना थांबवतो. टाइपस्क्रिप्ट चालवण्याआधी त्याचे साधे जावास्क्रिप्ट होते आणि त्यात हे सारे प्रकार पुसले जातात. लाल रेघ दिसते ती प्रोग्राम लिहिणाऱ्याला. खिडकीवर बाहेरून येणाऱ्या अर्जाला तिचा पत्ताही नसतो. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापले म्हणून मांडवाच्या दारात कोणी पाकिटे तपासत नाही, तसेच हे. तपासायचे असेल तर दारात माणूस उभा करावा लागतो.

नेस्टजेएस हा माणूस उभा करण्याची सोय करून देते. पोलंडच्या कामिल मिश्लिव्येत्स यांनी ते २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. ते फुकट मिळते आणि आतून कसे बांधले आहे हे कोणालाही उघडून पाहता येते. त्यात अर्जाचा एक नमुना लिहायचा. नमुन्यातल्या प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर छोट्या चिठ्ठ्या चिकटवायच्या : हा मजकूर असावा, याची लांबी अमुक ते तमुक असावी, हा पूर्णांक असावा. अर्ज खिडकीवर आला की नेस्ट या चिठ्ठ्या वाचून तो तपासते, चुका असतील तर सगळ्यांची यादी करून अर्ज परत पाठवते, आणि ठीक असेल तरच आतल्या प्रोग्रामकडे देते. आत काम करणाऱ्याला पुन्हा शंका घ्यावी लागत नाही.

एक तपशील मात्र आवर्जून सांगावासा वाटतो. नमुन्यात नसलेला रकाना कोणी अर्जात घुसवला तर काय करायचे? मुलाच्या नावाखाली 'हुद्दा : मुख्याध्यापक' अशी ओळ कोणी स्वतःहून लिहिली तर? नेस्टमध्ये अशा ओळी गाळून टाका, किंवा असा अर्जच नाकारा, असे सांगता येते; पण ते सांगावे लागते, न सांगता होत नाही. हे काल्पनिक भय नव्हे. मार्च २०१२ मध्ये रूबी ऑन रेल्स या दुसऱ्या एका साधनावर बांधलेल्या गिटहब या प्रसिद्ध साइटवर एका तरुणाने नेमका असा अधिकचा रकाना पाठवून, परवानगी नसलेल्या ठिकाणी स्वतःची किल्ली जोडून दाखवली होती. त्याला नुकसान करायचे नव्हते, भोक दाखवायचे होते. आमच्या मुलांनी हे वाचले तेव्हा त्यांनी सर्वांत आधी आपल्या फॉर्मवर तोच प्रयोग केला. तो यशस्वी झाला, आणि त्याच दुपारी ती दोन ओळींची सोय सुरू करण्यात आली.

आता क्षितिजचे नाव. मुलांनी नावाच्या रकान्यावर चिठ्ठी लावली होती ती अशी की जगातल्या कोणत्याही लिपीचे अक्षर चालेल, आणि मधे मोकळी जागा चालेल. ऐकायला किती उदार! इंग्रजीपुरती 'ए ते झेड' ही चिठ्ठी त्यांनी टाळली याबद्दल आम्ही त्यांना शाबासकीही दिली होती. पण जगभरच्या लिप्यांचे जे युनिकोड नावाचे प्रमाण आहे, त्यात देवनागरीचे क, त, ज हे 'अक्षर' या वर्गात बसतात; वेलांटी, काना, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही 'जोडचिन्हे' या वेगळ्या वर्गात. म्हणून 'क्षितिज' मधला पाय मोडलेला क आणि दोन्ही वेलांट्या नियमात बसेनात. याच्या आधीच्या आठवड्यात मुलांनी चाचणीला जे कल्पित नाव वापरले होते ते होते 'कमल नगरकर'. त्यात काना नाही, मात्रा नाही, काहीच नाही! ते बिनबोभाट पास झाले होते. चाचणीचे नाव निवडतानाच घात झाला.

जोडचिन्हे चालतील अशी दुरुस्ती झाली. मग आले वऱ्हाडपांडे. आपल्या आडनावांतला हा जो अर्धा र आहे, गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाणपुरे यांच्यातला, तो संगणकावर तीन निरनिराळ्या प्रकारांनी लिहिला जातो. कोणी त्यासाठीचे स्वतंत्र अक्षर वापरतो, कोणी साध्या र खाली नुक्ता देतो, कोणी र चा पाय मोडून मधे एक अदृश्य सांधा टाकतो. छापल्यावर तिन्ही डोळ्यांना सारखेच. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी घराणी. आणि तो अदृश्य सांधा ना अक्षर ना जोडचिन्ह, त्यामुळे दुरुस्त नियमानेही त्या प्रकारचे वऱ्हाडपांडे परत पाठवले. पहिले दोन प्रकार एकसारखे करून घेण्याची सोय जावास्क्रिप्टमध्येच आहे. तिसऱ्यासाठी मुलांनी स्वतंत्र नियम लिहिला. लांबीचेही असेच. वऱ्हाडपांडे वाचताना आपण पाच अक्षरे मोजतो. स्वतंत्र अक्षराने लिहिले तर संगणक अकरा मोजतो, अदृश्य सांध्याने लिहिले तर बारा. नावाला वीस अक्षरांची मर्यादा घालणाऱ्याला वाटते आपण भरपूर जागा दिली.

बडोद्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. आपल्या मुलांची नावे तीन लिप्यांत फिरतात. गुजरातीत ळ आहे पण हा र नाही. जुन्या रजिस्टरांतली सालेही देवनागरी आकड्यांत आहेत, आणि १९७४ असे देवनागरीत लिहिलेले साल जावास्क्रिप्टला आकडा म्हणून ओळखताच येत नाही. ते आधी बदलून द्यावे लागते. रजिस्टरातले नाव चुकले की एल.सी. चुकते, एल.सी. चुकले की पुढचा प्रत्येक कागद चुकतो, आणि मग चाळिशीतला माणूस हातात प्रतिज्ञापत्र घेऊन शाळेच्या खिडकीवर येतो. अशी मंडळी दर वर्षी येतात, कार्यालयात विचारावे. तयार प्रोग्राम विकत घ्यावा असे ज्यांना वाटते त्यांना आमचे एवढेच विचारणे आहे की त्या प्रोग्रामची तपासणी लिहिणाऱ्याने वऱ्हाडपांडे हे आडनाव कधी ऐकले असेल का, आणि ऐकले नसेल तर त्याला सांगायला आपण कोणत्या खिडकीवर जायचे?

राहिली पाटी. २०११ साली वर्डनिक या इंटरनेटवरच्या शब्दकोशाच्या कंपनीत टोनी टॅम यांनी स्वॅगर नावाची एक पद्धत सुरू केली. खिडकीवर काय मागता येते, काय द्यावे लागते, उत्तर कसे येते, याचे वर्णन ठरावीक साच्यात लिहायचे, म्हणजे ते माणसाला वाचता येते आणि यंत्रालाही. (शब्दकोश करणाऱ्यांनाच हे सुचावे यात नवल नाही. आपल्या बडोद्यातही कचेऱ्यांनी एका गोष्टीला एकच शब्द वापरावा म्हणून सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ मध्ये, आठ भाषांतला शासनशब्दकल्पतरु निघाला होताच.) पुढे २०१५ मध्ये ती पद्धत अनेक कंपन्यांनी मिळून चालवलेल्या संस्थेकडे गेली आणि तिचे नाव ओपनएपीआय झाले. नेस्टमध्ये अशी सोय आहे की अर्जाच्या नमुन्यावरून आणि त्यावरच्या चिठ्ठ्यांवरून ही पाटी आपोआप तयार होते. नियम बदलला की पाटी बदलते. कोणी रंगारी बोलवावा लागत नाही.

आपोआप हा शब्द आम्हीही वर्गात उत्साहाने वापरत होतो. मग पुढचा प्रसंग घडला.

मुलांनी पाटीचे पान छापून कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावले होते. ते वाचून एक पालक भगिनी भेटायला आल्या. पानावर 'वडिलांचे नाव : आवश्यक' असे होते. त्या आपल्या मुलीला एकट्याने वाढवतात. त्यांनी तक्रार केली नाही, आवाजही चढवला नाही. फक्त विचारले, 'या रकान्यात मी काय लिहायचे?' रकाना सक्तीचा करणाऱ्या मुलाला उत्तर देता येईना. त्याने तो मुद्दाम सक्तीचा केलाच नव्हता. जुन्या छापील फॉर्मात वडिलांचे नाव होते, म्हणून त्याने ते घेतले. टाइपस्क्रिप्टमध्ये रकाना ऐच्छिक करायचा असेल तर त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह द्यावे लागते, ते त्याने दिले नव्हते, एवढेच. एका प्रश्नचिन्हाच्या अभावाने शाळेचे धोरण ठरून गेले होते.

त्याने तिथल्या तिथे प्रश्नचिन्ह दिले. पाटी आपोआप बदलली : 'वडिलांचे नाव : ऐच्छिक.' सगळ्यांना बरे वाटले. दोन दिवसांनी त्या भगिनींनी रकाना मोकळा ठेवून फॉर्म भरला, आणि खिडकीने तो परत केला.

कारण असे की नेस्टमध्ये पाटी ते प्रश्नचिन्ह वाचते, पण दारातला तपासनीस ते वाचत नाही. प्रश्नचिन्ह हे टाइपस्क्रिप्टचे, आणि ते चालवताना पुसले जाते हे आम्ही वर सांगितलेच आहे. तपासनिसाला 'हे नसले तरी चालेल' अशी वेगळी चिठ्ठी लावून द्यावी लागते. ती राहून गेली. म्हणजे जी पाटी कधीच जुनी होणार नाही म्हणून आम्ही मुलांना सांगत होतो, तिने पहिल्याच महिन्यात दोन फोटो लिहून तीन मागितले. त्या भगिनींची आम्ही माफी मागितली. ती इथे पुन्हा मागतो.

नेस्टमधली ही उणीव जाणकारांना ठाऊक आहे. तिच्यावर दुसऱ्या मंडळींनी उपायही काढले आहेत. २०२० साली आलेल्या झॉड या साधनात आधी तपासणीचा नियम लिहायचा आणि टाइपस्क्रिप्टचा प्रकार त्या नियमावरूनच काढून घ्यायचा असतो, त्यामुळे दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिल्या जाण्याची वेळच येत नाही. आमच्यातल्या काहींचे मत आता तिकडे झुकते आहे. पण साधन कोणते यावर आम्ही फार हट्ट धरणार नाही. साधने येतात, जातात. ज्याने पास्कल शिकवले त्यानेच आज टाइपस्क्रिप्ट शिकवावे अशी वेळ येते, हे आमच्या विभागातच दिसते. नियम एकदाच लिहावा, त्याच नियमाने अर्ज तपासला जावा आणि तोच नियम बाहेर फलकावर लागावा, ही सवय मुलांना लागली की आमचे काम झाले.

आता ती अट. वडिलांच्या नावाबरोबर दुसराही एक रकाना त्या पानावर 'आवश्यक' होता : आधार क्रमांक. फलकावर तो वाचून आपल्याच एका वकील विश्वस्तांनी लक्षात आणून दिले की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले आहे. रकाना लगेच ऐच्छिक झाला, या वेळी चिठ्ठीसकट. पण विचार करावा. वडिलांचे नाव सक्तीचे असावे का, आधार मागावे का, जात आणि धर्म हे रकाने कोणाला दिसावेत, ही सतरा वर्षांच्या मुलाने ठरवायची गोष्ट आहे का? त्याने ती ठरवली, कारण दुसऱ्या कोणी ठरवून दिली नव्हती. छापील फॉर्मच्या काळातही ती कोणी ठरवत नव्हते. मागच्या वर्षीचा फॉर्म छापखान्यात जायचा. फरक एवढाच की कागदावर मोकळा रकाना सोडला तर कारकून माणुसकीने चालवून घेत. संगणक चालवून घेत नाही.

म्हणून आमची विनंती अशी की प्रवेशाच्या फॉर्मचे नियम विश्वस्त मंडळाने बैठकीत रकान्यागणिक वाचून ठरवावेत. जे ठरेल ते मुले लिहितील. प्रत्येक नियमाखाली तो का आहे याचे एक वाक्य मराठीत आणि गुजरातीत असावे. पाटीच्या साच्यात अशा वर्णनाला जागा आहे, आणि आपोआप होणाऱ्या गोष्टींत ते वाक्य येत नाही. ते माणसालाच लिहावे लागते. चुकीचा निरोपही आपल्या भाषेत असावा. 'नावात फक्त अक्षरे असावीत' यापेक्षा 'या नावातले अमुक चिन्ह आम्हाला ओळखता आले नाही, कार्यालयात भेटा' हे पालकाला जास्त उपयोगी पडेल. काही पालकांनी काळजीने विचारले की फलकावरच्या पानामुळे मुलांची माहिती बाहेर जाईल का. त्या पानावर फक्त नियम आहेत, एकाही मुलाचे नाव नाही. मुले स्वतः कल्पित नावांवरच काम करतात. खऱ्या नोंदी कार्यालयातल्या संगणकावर कार्यालयातली माणसेच भरतात.

प्रोग्राम लिहून देणाऱ्या यंत्रांबद्दल. आम्ही ती वर्गात वापरून पाहिली. 'शाळेचा प्रवेश फॉर्म कर' म्हटल्यावर काही क्षणांत नेस्टचा नमुना आला, चिठ्ठ्या लावलेला, नीटनेटका. त्यात वडिलांचे नाव सक्तीचे होते. यंत्राचा दोष नाही, त्याने पाहिलेल्या फॉर्मांत ते तसेच असणार. मुलांच्या ते ताबडतोब लक्षात आले, आणि ते लक्षात येण्यासाठी त्यांना हे सगळे आधी स्वतः करून चुकावे लागले होते. त्यामुळे पुढील वर्षी अकरावीला आम्ही क्रम बदलणार आहोत. पहिले सहा आठवडे नेस्ट नाही, झॉड नाही, यंत्रही नाही. साध्या जावास्क्रिप्टमध्ये एका नावाची आणि एका तारखेची तपासणी हाताने लिहायची, आणि तिची पाटी वहीत. तारीख एवढ्यासाठी की ०३/०४/२०१५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. जावास्क्रिप्ट अमेरिकन रीतीने ४ मार्च धरते आणि तक्रारही करीत नाही. एका महिन्याने चुकलेली जन्मतारीख काय करते हे कार्यालयातल्या कोणालाही विचारावे.

नियमांचे सुधारलेले पान पुन्हा खिडकीशेजारी लावले आहे. दर शनिवारी मधल्या सुटीनंतर संगणक कक्ष पालकांसाठी उघडा राहील. आपले आणि आपल्या आईवडिलांचे नाव, जसे घरी लिहिता तसे, भरून पाहावे. परत आले तर मुलांना सांगावे, ती वहीत टिपून घेतात. आजपर्यंत त्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न आडनावाचा आहे : काही घरांत ते लावत नाहीत, काहींच्या जुन्या दाखल्यावर ते नाही. तो रकाना सक्तीचा ठेवायचा की नाही हे पुढच्या बैठकीत ठरायचे आहे. तोवर मुलांनी तिथे प्रश्नचिन्हही दिले आहे आणि चिठ्ठीही लावली आहे.